कर्करोग एकच, आयुष्याचे हिशेब निराळे

विशेष प्रतिनिधी

कर्करोगाचे निदान झाले, की आपल्याकडील सुस्थितीतल्या घरांत हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'अमेरिकेला न्यायचे का?' क्रिकेटपटू युवराजसिंगने २०१२ मध्ये अमेरिकेत उपचार घेतले, अभिनेत्री सोनाली बेंद्रे २०१८ मध्ये न्यूयॉर्कला गेली. अशा बातम्यांनी ही समजूत अधिकच पक्की केली. जिथे संशोधन मोठे, तिथे रुग्ण बरा होण्याची शक्यताही मोठी, असे त्यामागचे साधे गणित. हे गणित पूर्ण चुकीचे नाही. पण वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर ते वाटते तितके सरळही नाही.

आधी आकडे पाहू. 'कॉन्कॉर्ड' या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७१ देशांतील ३२२ नोंदणी केंद्रांमधून पावणेचार कोटी रुग्णांची माहिती त्यासाठी गोळा करण्यात आली होती. २०१० ते २०१४ या काळात स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत ९०.२ टक्के, ऑस्ट्रेलियात ८९.५ टक्के आणि भारतात ६६.१ टक्के होते. रोग तोच, गाठ तीच आणि पाठ्यपुस्तकेही बव्हंशी तीच. तरीही शंभरांतल्या चोवीस जणींचा फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केलेला २०२२ चा अंदाजही हेच सांगतो. त्या वर्षी भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू झाले. अमेरिकेत नवे रुग्ण जवळजवळ २४ लाख, पण मृत्यू सुमारे सहा लाख. म्हणजे कर्करोग होण्याचे प्रमाण तिकडे कितीतरी अधिक; मरण्याचे प्रमाण मात्र आपल्याकडे अधिक. फक्त स्तनाच्या कर्करोगाचा विचार केला, तर आपल्याकडे दर दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, तर अमेरिकेत दर सहांमागे एक.

आकड्यांची फसगत

या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. 'पाच वर्षे जगण्याचे प्रमाण' हा मापदंड दिसतो तितका निर्दोष नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांना साठाव्या वर्षी रक्ततपासणीत कर्करोग आढळला आणि सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या गृहस्थांना तोच रोग त्याच वेळी झाला होता. पण त्रास सुरू झाल्यावर, म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी तो कळला आणि तेही सत्तराव्या वर्षी गेले. पहिले गृहस्थ 'पाच वर्षांहून अधिक जगले' या रकान्यात पडतात, दुसरे पडत नाहीत. प्रत्यक्षात दोघांचे आयुष्य सारखेच. कळले लवकर, एवढाच काय तो फरक.

हा बारकावा न समजल्याने भले भले फसले आहेत. न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी २००७ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करताना, प्रोस्टेटच्या कर्करोगातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आणि सरकारी आरोग्यसेवेच्या इंग्लंडमध्ये केवळ ४४ टक्के असल्याचे सांगितले होते. अमेरिकेत त्या काळी रक्ततपासणीतून हा रोग मोठ्या प्रमाणावर, कोणतीही लक्षणे नसताना शोधला जात होता. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र दोन्ही देशांत जवळपास सारखा होता. म्हणजे जो फरक उपचारांचा म्हणून सांगितला जात होता, तो बऱ्याच अंशी तपासणीचा होता.

याहून ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तेथे सार्वजनिक तपासणी मोहिमेच्या जोडीला, पदरचे थोडे पैसे भरून मानेची सोनोग्राफी करून घेण्याची पद्धत पडली. थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये पंधरा पटींवर गेले. त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्या बारीक गाठींनी आयुष्यभर कधीच त्रास दिला नसता, त्या शोधून हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढून टाकण्यात आल्या. जगण्याचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के दिसले, यात नवल ते काय!

म्हणून जाणकार मंडळी जगण्याचे प्रमाण, मृत्युदर आणि निदानाच्या वेळी रोग कोणत्या अवस्थेत होता, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहतात. या कसोटीवरही भारत आणि श्रीमंत देश यांच्यातील अंतर शिल्लक राहतेच. ते आकड्यांच्या खेळातून निर्माण झालेले नाही, हे मान्य करावे लागते.

हे सारे मोजायचे, तर आधी कोणीतरी नोंद ठेवावी लागते. डेन्मार्कमध्ये देशभरातील कर्करोगाची नोंद १९४२ पासून होते. आपल्याकडे अशी पहिली नोंदवही मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. ग्रामीण भागातील पहिली नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. तिचा उल्लेख पुढे येणारच आहे. आजही या नोंदणी केंद्रांच्या कक्षेत देशाच्या लोकसंख्येचा लहानसाच भाग येतो. त्यामुळे 'भारताचा आकडा' म्हणून जो सांगितला जातो, तो काही मोजक्या शहरांचा आणि जिल्ह्यांचा असतो. या मोजक्या ठिकाणांमध्येही केवढी तफावत! राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या माहितीनुसार, २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण मिझोराममध्ये जवळजवळ ७५ टक्के, तर अरुणाचल प्रदेशातील पासीघाटमध्ये ४२ टक्के होते. एका देशाच्या पोटात दोन देश असतात, ते असे.

संशोधनात पुढे, वाचवण्यात मागे

संशोधन आणि रुग्णाचे आयुष्य यांचे नाते किती वळणावळणाचे असते, हे पाहायचे तर ब्रिटन आणि डेन्मार्क यांच्याकडे पाहावे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठामपणे मांडणारा रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा गाजलेला अभ्यास १९५० मध्ये लंडनमध्येच झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील अ‍ॅबिरॅटेरॉन हे औषधही लंडनच्या संशोधन संस्थेत जन्माला आले. आरोग्यसेवा सर्वांना मोफत. एवढे सारे असूनही १९९५ मध्ये युरोपीय देशांची तुलना करणारा 'युरोकेअर' अभ्यास बाहेर आला, तेव्हा ब्रिटन आणि डेन्मार्क हे दोन्ही देश शेजाऱ्यांच्या मागे असल्याचे दिसले. डेन्मार्कसारख्या सधन आणि व्यवस्थित देशाला हा मोठाच धक्का होता.

कारणांचा शोध घेतला, तेव्हा औषधांची वानवा हे मुख्य कारण निघाले नाही. रुग्ण कौटुंबिक डॉक्टरकडे जातो, तेथून तज्ज्ञाकडे पाठवला जातो, मग तपासणीची तारीख, मग अहवालाची प्रतीक्षा, मग शस्त्रक्रियेची रांग. या साखळीत आठवडेच्या आठवडे जात होते. शस्त्रक्रियाही अनेक लहान रुग्णालयांत, वर्षाकाठी मोजक्याच रुग्णांवर करणाऱ्या शल्यचिकित्सकांकडून होत होत्या. डेन्मार्कने २००० पासून एकामागून एक राष्ट्रीय आराखडे आखले. २००७ मध्ये तर कर्करोग हा हृदयविकाराच्या झटक्याप्रमाणे तातडीचा आजार मानावा, असे सरकार आणि प्रादेशिक प्रशासन यांनी ठरवले. संशय आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घालून देण्यात आली. अवघड शस्त्रक्रिया थोड्या, पण अनुभवी केंद्रांकडे सोपवल्या गेल्या. सात सधन देशांची १९९५ ते २०१४ या वीस वर्षांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा डेन्मार्कने मधले अंतर बरेचसे भरून काढल्याचे स्पष्ट झाले. या वीस वर्षांत डेन्मार्कला कोणते गुप्त औषध सापडलेले नव्हते. रांग आखूड केली, हाच खरा उपचार.

ब्रिटनमध्येही सुधारणा झाली. पण त्या सातांत तो तळाकडेच राहिला. तातडीने पाठवलेल्या शंभर रुग्णांपैकी ८५ जणांचे उपचार ६२ दिवसांत सुरू व्हावेत, हे इंग्लंडचे स्वतःचेच उद्दिष्ट २०१५ नंतर तेथील आरोग्यसेवेला गाठता आलेले नाही.

अमेरिकेची गोष्ट आणखी निराळी. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर स्वाक्षरी केली आणि या रोगाविरुद्ध जणू युद्धच पुकारले गेले. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे २०२४ या वर्षाचे अंदाजपत्रक सात अब्ज डॉलरहून अधिक होते. त्याचे फळही मिळाले. १९९१ ते २०२२ या काळात तेथील कर्करोगाचा मृत्युदर ३४ टक्क्यांनी घसरला. या घसरणीचे सर्वांत मोठे श्रेय मात्र प्रयोगशाळेतल्या चमत्कारांना न देता, सिगारेट सोडणाऱ्या सामान्य माणसांना द्यावे लागते. लवकर निदान आणि नवे उपचार यांचा वाटा त्यानंतर. शिवाय या घसरणीचा लाभही सर्वांना सारखा झालेला नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग श्वेतवर्णीयांपेक्षा किंचित कमी होतो. त्याने मरण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात ३८ टक्क्यांनी अधिक आहे. विमा कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हा प्रश्न जगातल्या सर्वांत मोठ्या संशोधन केंद्राच्या दाराशीही उभा असतो.

जठराच्या कर्करोगात तर अमेरिकाच मागे पडते. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दक्षिण कोरियात ६८.९ टक्के, अमेरिकेत साधारण ३३ टक्के. कोरिया आणि जपान येथे हा रोग पूर्वापार फार आढळतो; म्हणून चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बिणीतून जठर तपासण्याची सोय कोरियाने सरकारी पातळीवर केली. थायरॉइडच्या बाबतीत अंगाशी आलेली तपासणीची हौस येथे मात्र कामी आली. त्याच कोरियात त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात जगण्याचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी. जो रोग डोळ्यांसमोर असतो, त्याची तयारी देश करतो. जो विरळा असतो, तो निसटतो.

प्रयोग मराठवाड्यात, लाभ जगाला

आता आपल्याकडे वळू. भारतात संशोधन होत नाही, अशी एक तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. जगभरातील उपचारपद्धती बदलणारी काही संशोधने याच वास्तूतून बाहेर पडली आहेत. दुःखाची गोष्ट वेगळीच आहे.

तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे चार गट पाडण्यात आले. पहिल्या गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी आणि चौथ्या गटात नेहमीचीच सेवा. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केला आणि विषाणूची चाचणी हा तपासणीचा पाया असावा, या जागतिक धोरणाला त्यातून मोठे बळ मिळाले.

मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये १९९८ पासून असाच दुसरा प्रयोग झाला. त्यात दीड लाख स्त्रिया होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करण्यात आली. प्रयोगशाळा लागत नाही, अहवालासाठी थांबावे लागत नाही. पांढरा डाग दिसला, की पुढे पाठवायचे. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाहीर झाले, तेव्हा तो त्या परिषदेतील सर्वांत महत्त्वाच्या शोधनिबंधांपैकी एक ठरला. स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा वीस वर्षांचा निष्कर्षही याच वस्त्यांतून २०२१ मध्ये आला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचा एकत्रित विचार करता झालेली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही.

या प्रयोगांवर कठोर टीकाही झाली आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो स्त्रियांना कोणतीच तपासणी मिळाली नाही. मुंबईत त्यांना आरोग्यशिक्षण तेवढे दिले गेले. पॅप स्मिअरची उपयुक्तता जगाला ठाऊक असताना असे करणे नीतीला धरून होते काय, असा आक्षेप घेण्यात आला. देशात एरवीही बहुतेक स्त्रियांना तपासणी मिळतच नाही, तेव्हा तुलना प्रत्यक्ष परिस्थितीशीच केली, असे संशोधकांचे उत्तर होते. हे उत्तर तर्काला पटते, मनाला पटत नाही. निदान त्या स्त्रियांच्या सहभागातून जे ज्ञान मिळाले, त्याचा लाभ त्यांच्या लेकी-सुनांना व्हावा, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के आढळले. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण तर एक टक्क्याहूनही कमी. या एका कर्करोगाने २०२२ मध्ये देशात सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्याचा अंदाज आहे.

लसीचीही तीच कथा. एचपीव्हीच्या विषाणूमुळे हा कर्करोग होतो, हे जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवून दिले. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. लसीच्या पायाभूत संशोधनाचे एक महत्त्वाचे केंद्र ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड होते. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना सार्वत्रिक लस देण्यास सुरुवात केली आणि २०३५ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे लक्ष्य ठेवले. पण गरीब रवांडानेही २०११ मध्ये शाळाशाळांतून लसीकरण सुरू करून नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचवली, हे विशेष.

भारतात २००९ मध्ये लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला होता. त्याच सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत दिसले. मात्र पालकांची संमती ज्या रीतीने घेतली गेली, तीत गंभीर त्रुटी आढळल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच प्रकल्पांतील लसीकरण थांबवले. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर दिसले, की एका मात्रेनेही कर्करोगकारक विषाणूच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, म्हणजे तीन मात्रांइतकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये एका मात्रेला मान्यता दिली, त्यामागे या भारतीय मुलींचा मोठा आधार होता. अडलेल्या प्रयोगातून जगभरातील गरीब देशांचा लसीचा खर्च कमी झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीला मात्र मान्यता मिळण्यास २०२२ साल उजाडले.

प्रश्न कोणाचे, उत्तरे कोणाची?

२०१४ ते २०१७ या काळात प्रसिद्ध झालेल्या कर्करोगावरील सुमारे सातशे प्रमुख चाचण्यांची छाननी करण्यात आली, तेव्हा त्यांतील ९२ टक्के चाचण्यांचे नेतृत्व श्रीमंत देशांकडे असल्याचे आढळले. बहुसंख्य चाचण्या औषधांच्याच होत्या; शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांच्या वाट्याला फारच थोड्या. औषध कंपनीला ज्या उत्तरात रस, तोच प्रश्न विचारला जाणार, हे उघड आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यापासून गडचिरोलीपर्यंत घरोघरी दिसणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे प्रश्न आपणच विचारले नाहीत, तर कोणी विचारणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो मिळतो, हेही सर्वांना ठाऊक आहे.

तोंडातील गाठ लहान असताना मानेतील रसग्रंथी लगेच काढाव्यात, की त्या सुजल्यावर काढाव्यात, हा वाद जगभरच्या शल्यचिकित्सकांत पन्नास वर्षे चालू होता. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी थेट तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. चाकू कधी चालवायचा, एवढाच निर्णय. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या अभ्यासात, स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन हे दातांच्या दवाखान्यातही वापरले जाणारे भुलीचे औषध टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ज्या औषधाचे पेटंट नाही आणि जे अत्यंत स्वस्त आहे, त्यावर अशी चाचणी एखाद्या कंपनीने केली असती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारी नवी औषधे आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यांपैकी निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम असते. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना टाटा रुग्णालयात नेहमीच्या गोळ्यांसोबत केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहण्यात आले. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवे. पण ज्याला पूर्ण मात्रा परवडणारच नाही, त्याच्यापुढे पर्याय 'थोडे की काहीच नाही' असाच असतो.

किमतीच्या लढाया न्यायालयांतही झाल्या. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाला पेटंट नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कायम केला. महिन्याला लाखाच्या घरात जाणारे हे औषध भारतीय कंपन्या त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात देत होत्या. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हार तर सक्तीच्या परवान्यामुळे २०१२ मध्ये दरमहा २ लाख ८० हजार रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आले. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी विकसित केलेल्या कार-टी या पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा उपचार येथे काही दशलाखांत होऊ लागला. अर्थात तीस-चाळीस लाख हा आकडा स्वस्त म्हणावा, अशी घरे आपल्याकडे किती, हा प्रश्न उरतोच.

मुले आणि परतीची गाडी

देशादेशांतील अंतर सर्वांत निष्ठुरपणे दिसते ते लहान मुलांच्या बाबतीत. मुलांमध्ये आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण फिनलंडमध्ये ९५.२ टक्के, तर इक्वेडोरमध्ये ४९.८ टक्के होते. हा रोग बरा करणारी मुख्य औषधे जुनी आहेत, पेटंटमुक्त आहेत. मुलांच्या सर्व कर्करोगांचा विचार करता श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे लक्ष्य जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले.

औषध ठाऊक असूनही मूल का दगावते? एक कारण असे, की उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि कुटुंब अर्ध्यावर परत जाते. शेत पडीक राहिलेले असते, दुसरे मूल आजीकडे असते, मुंबईत राहायला जागा नसते. परळच्या पदपथावर अंथरूण टाकून दिवस काढणारी बिऱ्हाडे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. म्हणूनच दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी आश्रयस्थाने उपचारांचाच एक भाग ठरतात. राहण्याची आणि जेवणाची सोय झाली, तर आईवडील उपचार सोडून जात नाहीत. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या खर्चासाठी २०१२ पासून राज्याची जीवनदायी योजना आणि २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे. पण निदान होईपर्यंतच्या तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा बहुतांश भार कुटुंबावरच पडतो.

शेवटी बार्शीबद्दल. १९८७ मध्ये तेथे नोंदवही सुरू झाली, तेव्हा एक अडचण होती. शहरात रुग्णालयांच्या नोंदी गोळा केल्या, की काम भागते. येथे मुळात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरू लागले. चावडीवर, देवळात, घरांच्या ओट्यावर बसून कोणाच्या अंगावरून पाणी जाते, कोणाच्या तोंडातली जखम भरत नाही, याची विचारपूस करू लागले आणि संशय येताच रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला आणू लागले. हेतू केवळ मोजण्याचा होता. काही वर्षांतच नोंदवहीत वेगळे काही दिसू लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येत होत्या आणि त्यांच्यातील जगण्याचे प्रमाणही वाढले होते.